तिसरं पान

एप्रिल १९९९. नववीची परीक्षा संपली होती आणि कॉम्प्युटरमधलं मला सगळं येतं, असं मला वाटत होतं. सगळं म्हणजे सगळं. क्लासला एसटीने बारामतीला जायचे आणि घरी येऊन धम्मदीपदादालाच शिकवायचे. तो वस्तीवरच्या दूध संस्थेत महिनाभराच्या बोलीवर लागला होता. कॉम्प्युटर नीट चालला तर तीस तारखेला कायम करू, असं सचिव सर्जेराव आबांनी सांगितलेलं.

दुधाची फॅट मोजणारं यंत्र एका कार्डाने कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, पुण्याच्या एका कंपनीने फ्लॉपीवर दिला होता. कंपनी पुढे बंद पडली.

एकोणतीसला दुपारी मी मासिकासोबत आलेली सीडी घेऊन संस्थेत गेले. संस्थेचा कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालायचा, त्या लिनक्सची नवी आवृत्ती होती.

"चाललंय ते चालू दे, मेघे," दादा म्हणाला.

"घाबरतोस तू."

हे त्याला लागतं, मला माहीत होतं. डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा जुनी आवृत्ती मीच पुसली. पडदा झकपक दिसायला लागला. यंत्र लावून बघायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

तीसला सकाळी किटल्यांची रांग लागली. ड्रायव्हर चढेना. दादाने जबरदस्तीने चढवला, तर छबूबाईच्या म्हशीच्या दुधाला फॅट आली शून्य. मग पडदाच गोठला.

"माझ्या म्हशीनं पानी दिलं व्हय रं?" छबूबाई म्हणाली. रांग हसली.

पूर्वी हाताने फॅट काढणारे गेणबा भिंतीला टेकून उभे होते. "आमच्या काचंच्या नळ्यांना कदी नवी आवृत्ती आली न्हाय बाबा."

सर्जेराव आबा आले. "काय झालं?"

मीच पुढे होऊन सांगितलं. "आबा, पंगतीत वाढप्याला सांगितलंय, तिसऱ्या पानाला गोड वाढू नको, त्यांना साखर आहे. आता मधेच एक पाहुणा येऊन बसला. तिसरं पान चौथं झालं. वाढप्या अजून तिसरंच मोजतोय. नव्या आवृत्तीत आतली जागा अशीच सरकलीय आणि ड्रायव्हर जुनीच मोजतोय."

"मग वाढप्यानं इचारावं की, तुमी कोन म्हनून."

"विचारायची अक्कल त्याला दिलेली नाही. आणि त्याला नव्यानं शिकवायचं तर तो मुळात कसा लिहिला, ते लागतं. ते कंपनीनं दिलंच नाही."

"मग जुनी पंगत बसवा."

जुनी मी पुसली होती. दादा एसटीडी बूथवर पळाला. त्याच्या पुण्यातल्या मित्राकडे, रवींद्रकडे, जुनी सीडी होती. तो म्हणाला, "एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो, संध्याकाळी इंदापूरला मिळेल."

दुधाचा टँकर नऊला जाणार होता आणि दादाला कायम करायचं ठरवणारी संचालकांची बैठक दहाला होती. ऊन चढत होतं. एकाने किटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि ते परत लावलं. मी एकच बटण शंभरदा दाबलं असेल. काही होणार नाही, हे मला पहिल्या पाच वेळांतच कळलं होतं.

शेवटी गेणबांनी माळ्यावरून नळ्या काढल्या. रांग सरकायला लागली. ते आकडे सांगत होते, दादा वहीत लिहून घेत होता.

मी आबांसमोर गेले. "आबा, जुनं मी पुसलं. दादा नको म्हणत होता."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाळ, तुला कुनी नेमलं हुतं? ज्याला नेमलं, त्यालाच इचारनार."

बैठक पंधरा मिनिटांत संपली. दादाच्या जागी गेणबांना परत घेतलं.

संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर पुडकं मिळालं. मला वाटलं, दादा ते घरी नेईल. त्याने संस्थेत नेलं, जुनं सगळं परत चढवलं आणि घरच्या दुधाचा कप यंत्राला लावला. फॅट बरोबर आली. मग कॉम्प्युटरवर कापड टाकून त्याने किल्ली गेणबांना दिली.

परतताना मी सायकलवर मागे बसले होते. सायकल पाटाच्या कडेला लागली.

"सोमवारी क्लासला जानार न्हवं?" त्याने विचारलं.

मी त्याच्या शर्टाची टोकं घट्ट धरली.