सव्वातीन मिलिमीटरची भिंत

मित्रांनो, एका पत्राला दोन वर्षं उत्तर गेलं नाही. गुरुदास मास्तरांनी ते वाचलं, घडी केली आणि एका जाड पुस्तकाखाली सरकवलं. मास्तर ते पुस्तक माझ्याच पाठीवर ठेवतात, म्हणून मला हे ठाऊक आहे.

मी एक जुना इंजिन ब्लॉक आहे. ओतीव लोखंडाचा, चार सिलिंडरांचा. ज्याच्या पोटात पिस्टन वरखाली धावतात आणि भिंतींपलीकडे पाणी खेळतं, तो मी. बांद्याला मास्तरांच्या या पडवीत आता माझ्यावर पुस्तकं रचतात. मला राग आला आहे, आणि तो गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

मला ओतलं तेव्हा पोकळी राखणारा आतला वाळूचा गाभा जरासा सरकला. त्यामुळे माझ्या तिसऱ्या सिलिंडरची भिंत एका बाजूला पाचाऐवजी चारच मिलिमीटर भरली. साध्या कामाला ती पुरत होती. हरिश्चंद्राच्या डिझेल टॅक्सीत मी अकरा वर्षं राबलो. आंबोलीचा घाट किती वेळा चढलो, त्याची गणती नाही. एकाही वऱ्हाडाला मी वाटेत उतरवलं नाही. शाबासकी मात्र हरिश्चंद्राला मिळे. सिलिंडर झिजले की ते आतून तासून मोठे करून घेत. असं तीनदा झालं. दर खेपेला भिंत पातळ झाली, पण बाहेरून मी होतो तेवढाच जाड दिसत राहिलो.

चौऱ्याऐंशी साली हरिश्चंद्राने गोव्याच्या भंगारातून टर्बो आणला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त दाब. जोर गाडीला मिळतो. दाब मात्र सोसायचा भिंतींनी. टर्बोसाठी ब्लॉक मुळातच जाड आणि मजबूत घडवावा लागतो. मला कोणी विचारलं?

जासिंत मेकॅनिकने विचारलं. तो मास्तरांचा तंत्रशाळेतला विद्यार्थी. "मास्तरानू, भिंत मापून बगा. तुमी व्हय म्हटलास तरच बसवतलंय."

मास्तरांनी बाजूच्या भोकातून वाकडा कॅलिपर घातला. सव्वातीन मिलिमीटर! पुस्तकाप्रमाणे टर्बोला किमान पाच हवी होती. त्यांनी पुन्हा मापलं, चष्मा पुसला आणि ते पुटपुटले, "पुस्तकात तसा..."

"मास्तरानू, गाडी पुस्तकार नाय, रस्त्यार चलता!" हरिश्चंद्र हसला. त्याच्या हातात नारळ तयारच होता. त्याने देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "बा देवा महाराजा, ह्या गाडयेक नवो दम दी, घाटात खंय अडकाक नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले. मास्तरही.

गाऱ्हाण्याला होकार न देणारा माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. पण जासिंत मास्तरांच्या तोंडाकडेच पाहत होता. तो होकार हेच आपल्या प्रश्नाचं उत्तर, असं तो समजला आणि त्याने पाना उचलला. मास्तरांनी कॅलिपर खिशात घातला.

बाराव्या दिवशी घाटात मी फुटलो. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, पांढऱ्या वाफेचा लोट उठला. कोणी दगावलं नाही, हे नशीब. हरिश्चंद्र बाजारभर सांगत सुटला, "जासिंतान बोल्ट वायट आवळल्यान!" बाकीचे म्हणाले, लोखंडच हलकं. माझं लोखंड हलकं नव्हतं! मला पोखरलं तुम्ही, आणि पोखरून झाल्यावर भार वाढवलात.

जासिंतच्या गॅरेजात माणूस फिरकेना. तो मुंबईला गेला. तिथून त्याने ते पत्र लिहिलं: 'माप किती आलं होतं, एवढं दोन ओळींत लिहून द्या. म्हणजे मला गावात तोंड दाखवता येईल.' मास्तरांनी मला भंगारातून सोडवून पडवीत आणलं, पण त्या दोन ओळी काही लिहिल्या नाहीत.

परवा जासिंतची आई क्लेमेंटिना आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "माजो झील मुंबयत लोकांच्ये गाडये धुता, मास्तरानू. सोन्याचे हात तेचे! आणि तुमका दोन ओळी लिवक हात नाय?"

"माजा कोण ऐकतला गो?"

"कोण ऐकता ता मागीर बगा. आदी बोला तरी!"

ती पाणीही न पिता निघून गेली. मग मास्तरांनी पुस्तकं खाली उतरवली, कॅलिपर आणला आणि माझी भेगेजवळची भिंत पुन्हा मापली. माझ्याच पाठीवर कागद ठेवून त्यांनी माप लिहिलं, तारीख लिहिली, आणि त्या दिवशी आपण गप्प राहिलो, हेही लिहिलं.

मित्रांनो, कोणावरही भार टाकण्याआधी तो किती सोसेल ते मोजा. आणि मोजलंत, तर आकडा खिशात ठेवू नका. माझी भेग आता सांधणार नाही. माझा रागही गेलेला नाही.

समोरच्या दुकानाच्या खांबावर टपालपेटी आहे. मास्तर कागद घेऊन तिथे गेले, तेव्हा बाकड्यावर हरिश्चंद्र बसला होता. "कोणाक कागद, मास्तरानू?"

"जासिंताक," मास्तर म्हणाले. रस्त्यापलीकडे मला ते स्पष्ट ऐकू आलं. "चूक तेची नाय होती. माजी होती, आणि तुजी."

आणि त्यांनी पत्र पेटीत टाकलं.