अंड्यांवरचे आठ दिवस

मुंगसाने रंभाबाईंची कोंबडी नेली ती सोमवारी, भरदुपारी, अंड्यांवरून उचलून. कोंबडी साधीसुधी नव्हती. रंभाबाई लग्न होऊन कासूहून वडखळजवळच्या या गावात आल्या, तेव्हा माहेरून आणलेल्या कोंबडीच्या वंशातली ती शेवटची. मागे राहिली अकरा अंडी.

"माझी एक कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली सारू," शेजारच्या गिरजाबाई म्हणाल्या.

पण रंभाबाईंची सून समीक्षा मध्ये पडली. रोह्याला माहेरी असताना तिने थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब आणि पंखा बसवून पिल्लं काढली होती. ते खोकं लग्नानंतर तिच्याबरोबर आलं आणि माळ्यावर धूळ खात पडलं.

"आई, माझ्यावर सोडा. कोंबडी मधेच उठली तर काय करायचं? मशीन उठत नाय. अकराच्या अकरा पिल्लं तुमच्या पदरात टाकते."

"मशीनला माया असते व्हय?" रंभाबाई फणकारल्या. पण गिरजाबाईंचे उपकार जन्मभर ऐकून घेण्यापेक्षा मशीन परवडलं. त्यांनी अंडी दिली.

"कोंबडी बसवून किती दिवस झाले?"

"आठ दिवस झाले की."

समीक्षाने कॅलेंडरवर त्या सोमवारच्या घरात आठ लिहिलं आणि कामाला लागली.

दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, वाटीतलं पाणी आटू द्यायचं नाही, लाइट गेली की खोक्यावर गोधडी टाकून आत गरम पाण्याच्या बाटल्या सारायच्या. कंपनीतून शिफ्ट करून आलेला तिचा नवरा नितेश म्हणाला, "माझा ताप कधी एवढा बघितला नायस." गिरजाबाई तर रोज दारात हजर. "काय गो, मशीन खुडूक हाय ना अजून?" समीक्षा हसून वेळ मारून न्यायची. अठराव्या दिवशी तिने अंडी फिरवणं थांबवलं आणि झाकण बंद केलं.

रविवारी पिल्लं निघायचे एकवीस दिवस भरले. अंडी ढिम्म. झाकणाला कान लावून लावून तिचा कान लाल झाला, पण आत चिवचिव नाही की टकटक नाही. रंभाबाई मात्र ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं, हे गप्प बसणं समीक्षाच्या जिव्हारी लागलं.

सोमवारी सकाळी तिचा धीर सुटला. बावीस झाले! तिने एक अंडं बाहेर काढून मोबाइलची टॉर्च मारली. आत नुसता काळोख. मेलंच असणार. खात्री करून घ्यावी म्हणून तिने बशीत अंडं धरून चमच्याच्या दांड्याने फोडलं.

आत पिल्लू होतं. जिवंत. ओलं, मिटलेलं, पिवळा बलक अजून पोटाशी चिकटलेला. त्याने दोनदा चोच उघडली, तिसऱ्यांदा उघडलीच नाही.

तेवढ्यात रंभाबाई मूठभर कण्या घेऊन आत आल्या. "आज निघतील ना, म्हणून..." म्हणता म्हणता त्यांची नजर बशीवर गेली.

"काय केलंस गो हे?"

"बावीस दिवस झाले, आई. मला वाटलं..."

"बावीस कुठले? आज एकवीस. सोमवारी बसवलेली, त्यानंतरचा आज तिसरा सोमवार."

"तुम्हीच म्हणालात, आठ दिवस झाले."

"मग झालेच होते! सोमवार ते सोमवार आठ दिवस."

"ते सात होतात, आई."

"होतात सातच. पण बोलतात आठ."

समीक्षाने कॅलेंडरवरच्या आठाकडे बघितलं. आईला फोनवर 'आठ दिवसांनी येते' सांगून बरोबर सातव्या दिवशी रोह्याला उतरणारी तीच. मशीन पुढ्यात आलं आणि तिने बोलण्यातल्या आठाचा हिशेबातला आठ केला. तिला रडू कोसळलं. स्वतःचाच एवढा राग तिला कधी आला नव्हता.

रंभाबाईंनी बशी उचलली आणि परड्यात जाऊन आंब्याच्या मुळाशी खड्डा केला. परत आल्या तेव्हा डोळे त्यांचेही लाल होते. "झाकण लाव," एवढंच म्हणाल्या.

दुपारी पहिलं अंडं तडकलं. मंगळवारी सकाळपर्यंत दहा पिल्लं टोपलीत कलकलत होती. गिरजाबाईंनी येऊन मोजली, पुन्हा मोजली.

"अकरा होती ना गो? अकरावं काय झालं?"

समीक्षाने मान खाली घातली. खरं सांगायला तिने तोंड उघडलं, पण रंभाबाई आधी बोलल्या.

"ते मुळातच नासकं. मशीन काय करील त्याला? माझ्या कोंबडीचाच दोष."

माहेरच्या कोंबडीला नाव ठेवलेलं रंभाबाईंनी आजवर कुणाचं खपवून घेतलं नव्हतं.