एकतीस आणि अठ्ठावन्न

दोघी सख्ख्या बहिणी एकाच कंपनीत होत्या आणि गेले तीन आठवडे एकाच रुग्णालयात काम करत होत्या. काम असं, की दारातून आत आलेल्या माणसाला फोनवर कळावं, आपण आत्ता कुठे आहोत आणि एक्स-रेची खोली कुठे आहे. छपराखाली उपग्रहाचा काही भरवसा नाही. म्हणून भिंतींवर काड्यापेटीएवढ्या डब्या चिकटवायच्या. त्यांना बीकन म्हणतात. प्रत्येक बीकन दिवसभर आपला नंबर तेवढा सांगत राहतो: मी एकतीस, मी एकतीस. ज्याचा आवाज मोठा तो जवळ, इतकंच फोनला समजतं. आपण कोणत्या भिंतीवर आहोत हे बीकनला मुळीच ठाऊक नसतं. ते नकाशात लिहिलेलं असतं.

थोरली बीकन चिकटवायची, धाकटी नकाशा करायची.

हे सगळं धाकटीला शिकवलं होतं थोरलीनेच. लोखंडी कपाटाजवळ आवाज का फसवतो, गर्दी झाली की का दबतो, एकेक गोष्ट सांगितली होती. पण आता परिचारिका धाकटीला हौसेने ‘नकाशाबाई’ म्हणत आणि थोरलीला ‘त्या शिडीवाल्या’. धाकटी संगणक उघडून बसली की तिच्याभोवती चारजणी जमत. थोरली शिडीवर असली की लोक फक्त म्हणत, “जरा बाजूला घेता का?”

परवा आईचा फोन आला होता. “तिने म्हणे अख्ख्या इस्पितळाचा नकाशा केला! तू होतीस ना गं मदतीला?”

‘मदतीला’ हा शब्द थोरलीला दिवसभर कुसळासारखा टोचत राहिला.

आणि आज सकाळी कंपनीच्या साहेबांनी सांगून टाकलं, “उद्या अधीक्षक स्वतः फोन घेऊन चालून बघणार आहेत. ते नीट झालं की इथल्या नव्या इमारतीचं काम धाकटीकडे. थोरली तिच्या हाताखाली राहील.”

“ताई, तू असशील ना?” धाकटीने लगेच विचारलं. “तुझ्याशिवाय मला नाही जमायचं.”

ती हे मनापासून म्हणाली होती. त्याचाच थोरलीला जास्त राग आला.

दुपारी धाकटी जेवायला गेली. थोरलीने शिडी उचलली, एक्स-रेच्या दारावरचा एकतीस नंबर काढला, मुठीत धरला आणि लांबलचक बोळातून पार दुसऱ्या टोकाला गेली. तिथे धुतलेल्या चादरींची खोली होती. तिच्या दारावरचा अठ्ठावन्न काढून तिथे एकतीस लावला. अठ्ठावन्न परत आणून एक्स-रेवर चिकटवला. एवढंच. मग हात धुतले आणि जेवायला गेली. धाकटीने तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी दारातच ‘एक्स-रे’ असं लिहिलं आणि बाणामागे निघाले. मागे साहेब, मेट्रन, दोघी बहिणी. एक्स-रेचं दार आलं, तसा फोनवरचा ठिपका टुणकन चादरींच्या खोलीवर उडाला आणि फोन म्हणाला, “बोळाच्या दुसऱ्या टोकाला चला.” अधीक्षक फोनने सांगितलं तसे गेले. चादरींच्या ढिगांसमोर फोन म्हणाला, “आपण पोहोचलात.”

“वा!” मेट्रन म्हणाल्या. “आता चादरींची हाडं मोडलीत का ते तरी बघून घेऊ.”

सगळे हसले. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब तिला तिथे काही बोलले नाहीत, पण बाहेर आल्यावर थोरलीला म्हणाले, “नवी इमारत तूच बघ. हिचं अजून कच्चं आहे.”

हवं होतं ते मिळालं होतं. थोरलीने मान हलवली.

धाकटी तासभर नकाशा तपासत बसली. मग तिने थोरलीला हाक मारली, अगदी हळू. “ताई, इकडे ये ना.”

पडद्यावर कालची नोंद होती. काम चालू असताना दोघींच्या फोनमध्ये, कोणता बीकन किती मोठ्याने ऐकू आला, याची सारखी नोंद होत असे. फोन खिशातच ठेवायचा, ही सवय थोरलीनेच तिला लावली होती.

“हा तुझा फोन,” धाकटी म्हणाली. “दुपारी एक वाजता चाळीस नंबरचा बीकन जवळ आला, मागे पडला. मग पन्नास आला, तोही मागे पडला. पण एकतीस बघ. सगळा वेळ सारख्याच मोठ्या आवाजात. ताई, भिंतीवरचा बीकन चालत नाही गं.”

थोरलीने खिशातला फोन काढून तिच्यासमोर ठेवला.

“मी शंभर वेळा माझीच चूक शोधली,” धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “तुझं नाव मनात आलंच नाही.” नाक पुसून तिने बोट बटणावर ठेवलं. “ही नोंद पुसून टाकू का? म्हणेन, माझंच चुकलं. नवी इमारत तुला हवी होती, तर मला सांगायचं ना.”

आणि त्या क्षणीसुद्धा थोरलीला तिचा हेवाच वाटला. इतकं सहज देऊन टाकता येतं हिला! आपल्याला नसतं जमलं.

“पुसू नकोस,” ती म्हणाली.

साहेब खाली गाडीत बसतच होते. थोरलीने दोन वाक्यांत सांगितलं, कोणता बीकन काढला, कुठे लावला. साहेब दार उघडं ठेवून तसेच उभे राहिले.

“इतकी वर्षं काम करतेस. का केलंस हे?”

चिकटपट्टी सैल होती, नंबर वाचताना चुकले, अशी उत्तरं तिच्याजवळ होती. तिने ती बाजूला ठेवली.

“ती माझ्याहून चांगलं काम करते, साहेब. मला ते बघवत नव्हतं.”

साहेबांनी गाडीचं दार बंद केलं. मग म्हणाले, “नवी इमारत तिचीच. तू तिथे नसशील.”

“बरं,” थोरली म्हणाली, आणि शिडी आणायला वर गेली.