न बोलणारं चाक

राजूर घाटातल्या तिसऱ्या वळणाशी माझं जुनं वैर आहे. बुलढाण्याहून घाट उतरायला काही लागत नाही, फक्त ब्रेक शाबूत हवेत. परत वर येताना मात्र दर रविवारी त्याच वळणावर माझा पाय जमिनीला टेकतो. आणि टेकला रे टेकला की मागून राजकुमार ओरडतो, "मॅडम, टेम्पो सांगू का?"

राजकुमारचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि आमच्या सायकलवाल्यांच्या गटाचा तो न निवडलेला पुढारी आहे. दोन वर्षांत त्यानं हा विनोद बदललेला नाही. मी शाळेत गणित शिकवते. एकच चूक शंभरदा करणारी पोरं मी सांभाळून घेते, पण एकच विनोद शंभरदा करणारा माणूस माझ्याच्यानं सोसवत नाही. एकदा, फक्त एकदा, पाय न टेकता घाट चढायचा आणि त्याचं तोंड बंद करायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं.

म्हणून हलके हब मागवले. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो, ज्यात सगळे आरे ओवलेले असतात. आठवडाभर मी इंटरनेटवर लोकांचे अनुभव वाचले. हे हब बसवल्यावर कुणाला डोंगर सपाट वाटायला लागले होते, कुणाला तर पंखच फुटले होते. माझ्या मुलीनं, समतानं, खोक्यावरचे आकडे वाचले आणि म्हणाली, "आई, जुन्यापेक्षा दोनशे ग्रॅमच कमी. पावकिलोसुद्धा नाही. त्यापेक्षा रविवारी खिचडी कमी खा." तिचं गणित मीच पक्कं केलंय, त्यामुळे उलट बोलता आलं नाही.

पण खरं सांगू? मला भुलवलं ते त्या हबच्या आवाजानं. पायडल थांबवलं की तो असा करकरतो की रस्त्यातली म्हैस मागे न बघता बाजूला होते. उभ्या बुलढाण्यात असा आवाज कुणाच्या सायकलला नव्हता.

नवे हब जुन्या रिममध्ये बसवायला मी देऊळघाटला शकूर चाचांकडे दिले. देऊळघाट माझं माहेर. शाळेत जायची माझी पहिली सायकल चाचांनीच जोडली होती. चाळीस वर्षं ते चाकं बांधताहेत, आणि आपल्या हातचं चाक कधी आवाज करत नाही हा त्यांचा अभिमान. शनिवारी सायकल आणायला गेले तर मागचं चाक त्यांनी उचलून फिरवून दाखवलं. गरगर फिरलं. कुठे कणभर डुललं नाही. आवाजही नाही.

"चाचा, हे करकरत होतं ना?"

"करकरत होतं? बोंबलत होतं, बेटा! कंपनीवाल्यानं आत काईच टाकलं नाई. म्या खोललं अन् चांगलं ग्रीस ठासून भरलं. आता बोललं तं माहं नाव बदलजो."

मी मनात कपाळावर हात मारला. पण माहेरच्या म्हाताऱ्या माणसाला, तेही इतक्या कौतुकानं दाखवत असताना, काय बोलायचं? आवाज गेला तर गेला, वजन तर कमी झालं, असं म्हणून सायकल घेऊन आले.

रविवारी कडाक्याची थंडी होती. पायडलवर पाय नुसते ठेवून आम्ही घाट उतरलो. खाली सायकल वळवली, पायडल मारलं, आणि पाय रिकामाच फिरला. पुन्हा मारलं, पुन्हा रिकामा. चेन फिरत होती, चाक जागच्या जागी.

"काऊन मॅडम, आज खालूनच टेम्पो?" राजकुमार म्हणाला.

पाच-सहा रिकाम्या फेऱ्यांनंतर आत कुठेतरी खट् झालं आणि चाक पकडलं गेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या हबच्या आत छोटे खटके असतात, सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. आपण पायडल मारलं की ते दात्यांना चावतात आणि चाक फिरतं. चाचांच्या ठासून भरलेल्या ग्रीसमध्ये, त्या थंडीत, माझे कुत्रे रुतून बसले होते. चाचांना मी मनातल्या मनात इतकं बोलले की ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर सवयीनं पाय क्षणभर सैल सोडले, आणि पायडल पुन्हा रिकामं गेलं. सायकल डगमगली. पाय टेकणार एवढ्यात खट् झालं आणि वाचले. मग कळलं ते असं: जोवर पायाचा दाब आहे तोवर खटके चावून राहतात. दाब सोडला की सुटतात, आणि परत कधी चावतील याचा नेम नाही. म्हणजे वरपर्यंत एक क्षणही पाय सैल सोडायचा नाही.

तिसरं वळण आलं. आणि तिथे मला माझीच चोरी सापडली. दर रविवारी मी इथे "एकच सेकंद" म्हणून पाय सोडत असे. तो एक सेकंद मिळाला की सायकल मंदावायची, सायकल मंदावली की पाय टेकायचा. आज तो सेकंद मिळणारच नव्हता. मांड्या पेटल्या होत्या. समोरून एसटी आली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी चाचांना, राजकुमारला, इंटरनेटवरच्या त्या पंखवाल्यांना आळीपाळीनं शिव्या दिल्या आणि प्रत्येक शिवीला एक पायडल मारलं. वळण मागे पडलं. मागून "टेम्पो सांगू का?" आलं नाही. राजकुमारला धाप लागली होती.

वर पोचल्यावर मी रडले. थंडीनं डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांना सांगितलं, पण रडले.

पाच मिनिटांनी राजकुमार आला. "मॅडम, कमाल हब हाय हो! गटावर अनुभव लिहा, मी बी मागवतो."

मी तडक देऊळघाट गाठलं. वाटेत पाय एकदाही सोडले नाहीत. चाचांना जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच हब खोलला. आतले खटके पिवळ्या ग्रीसमध्ये निपचित पडले होते.

"माहीच चूक झाली, बेटा. जुन्या चाकाची अक्कल नव्याले लावली. घाटात पडली असती तं?"

मला फार वाईट वाटलं. रागाचं जे भाषण जुळवून आणलं होतं ते टाकून दिलं. "पडले नाही, चाचा. पहिल्यांदा पाय न टेकता चढले."

त्यांनी सगळं ग्रीस डिझेलनं धुतलं, मग बिलकिस चाचींच्या शिलाई मशीनचं दोन थेंब तेल खटक्यांवर सोडलं. चाक परत सायकलला बसवत त्यांनी विचारलं.

"हे तं आज तुले दगा देऊन राह्यलं होतं. मंग घाट चढवला कोनं?"

मला उत्तर येत होतं. लाज वाटली म्हणून दिलं नाही. चाचा माझ्याकडे बघून हसले आणि चाक फिरवलं. करकर सगळ्या गल्लीत घुमली. त्यांनी तोंड वाकडं केलं. "बोलू दे आता. तुह्यासाठी सहन करीन."

दुकानाच्या बाकावर बसून मी गटावर अनुभव लिहिला. "हब हलका आहे. आवाज मोठा आहे. आत ग्रीस भरू नये, दोन थेंब तेल पुरे. घाट हबनं चढवला नाही. मी चढले."

राजकुमारचं उत्तर लगेच आलं. "म्हंजे घेऊ का नको?"

मी लिहिलं, "रविवारी तिसऱ्या वळणावर सांगते. तोवर टेम्पोवाल्याचा नंबर जवळ ठेवा."