दोन टोकं, दोन इंजिनीअर

आमच्या विभागात पूल तपासणारे इंजिनीअर पूर्वी खोलीभर होते. एकेक निवृत्त होत गेला, जागा भरल्या नाहीत, आणि शेवटी मी आणि दुप्पट उरलो. मग वरच्यांच्या लक्षात आलं, की दोघांना एवढं काम झेपत नाही, तेव्हा ते बाहेरच्या कंपनीला द्यावं. आधी ताट ओढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, हा जेवत नाही.

दुप्पट म्हणजे माझे साहेब; संघटनेचे सचिवही तेच. भार जेवढा येणार त्याच्या दुप्पट धरायचा, ही त्यांची सवय. दोघांसाठी चार चहा मागवतात आणि दोन राखीव म्हणून थंड होऊ देतात.

देशातला हा असा पहिला करार. इथे सही झाली की सगळीकडे होणार. म्हणून बसवाले, रेल्वेचे पटरीवाले, सिग्नलवाले, झाडून सगळ्या सरकारी वाहतूक संघटना पहिल्यांदाच एकत्र येत होत्या. त्यात माझ्या ताईचा मोठा हात. ताई बस चालवते. "आज ह्यांची पट्टी-पेन्सिल गेली, उद्या आपलं स्टिअरिंग जाईल," असं गावोगावच्या ड्रायव्हरांना पटवत ती हिंडली होती.

मोर्चा स्टेशनसमोरच्या मैदानात जमला. मुख्य कार्यालय रुळांच्या पलीकडे, मध्ये पादचारी पूल. दुपारी तिथे समिती आमच्या विभागाच्या इंजिनीअरचं म्हणणं ऐकणार आणि निर्णय देणार. बाकीच्यांनी बाहेर घोषणा द्यायच्या.

निघण्याआधी मी पुलाखाली लघवीला गेलो. क्रांतीच्या आधी सगळेच जात असावेत. तिथे सवयीने वर पाहिलं. तुळई खांबावर टेकते तिथे भेग होती. कंपनीने नमुन्यादाखल हाच पूल तपासून ती भेग दुरुस्त केली होती, म्हणजे तिला रंग दिला होता. आता रंगालाही भेग पडली होती आणि तुळई बोटभर सरकली होती.

दुप्पट खाली आले. बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

"किती माणसं जाणार वरून?"

"सगळी."

"दुप्पट धर."

"निम्मी धरली तरी पडतो, साहेब."

आम्ही दोरी बांधून पूल बंद केला. ताई तरातरा आली.

"कुठून कुठून माणसं आणलीत मी. आणि आपलाच मोर्चा तू अडवतोस?"

"फाटकावरून जा."

"केवढा वळसा आहे तो."

"बसवाली वळशाला घाबरते?"

"बस असती तर कशाला घाबरले असते? पायी नेतेय. बरं, तुम्ही दोघं चला पुढे."

तिथेच घोडं पेंड खात होतं. आमच्या कामाचा नियम असा, की पूल बंद करणाऱ्याने टोक सोडायचं नाही, दुसरा इंजिनीअर बदलीला येईपर्यंत. पुलाला टोकं दोन. इंजिनीअर दोन. दुप्पट चवड्यांवर चालत, पुलाला कळू नये अशा बेताने, पलीकडच्या टोकाला गेले. मोर्चा वळशाने निघाला. मी बदली मागायला विभागात फोन केला. ते म्हणाले, पुलांचं आता कंपनीला विचारा. कंपनीत फोन केला. तिथे बासरी वाजत होती.

दोरीपाशी गर्दी वाढली. लोकांना वाटलं, हाच संप. एक गृहस्थ हातगाडीवर फ्रिज घेऊन आले होते.

"संप तुमचा, फ्रिज माझा," ते म्हणाले. "मला का अडवता?"

तेवढ्यात ताईचा फोन आला. "पोचलो. इंजिनीअर कुठाय विचारतायत."

"तू बोल ना."

"बोलले. म्हणाले, बाई, तुम्ही ड्रायव्हर. मी म्हटलं, पूल पडेल तेव्हा खाली बस घेऊन मीच असेन. तर म्हणाले, इंजिनीअर आणा, थोडं थांबतो."

"दुप्पट तिकडे कार्यालयाच्या गेटाजवळच आहेत."

"सांगून आले त्यांना. हलत नाहीत. त्यांच्या बाजूला शाळा सुटतेय." मग तिने आवाज खाली आणला. "ये रे बाबा. सगळे माझ्या शब्दावर आलेत."

मोर्चातले एक पाय दुखणारे पटरीवाले मागे राहिले होते. त्यांच्या डोक्यावर माझं हेल्मेट ठेवलं आणि मी पुलावर निघालो. एका माणसाचा भार पूल सहज पेलतो. पूल धोक्याचा आहे हे सांगायला त्याच पुलावरून जाणारा मी बहुधा पहिलाच.

मध्यावर आलो. समितीच्या खोलीची खिडकी दिसायला लागली, आणि मागून चाकांचा आवाज आला. वळून पाहिलं तर फ्रिज. त्यामागे सगळं गाव.

"इंजिनीअरच गेला की," कोणीतरी म्हणालं. "आपल्याला काय धाड भरलीय?"

मुद्दा बरोबर होता. मी हात पसरून मागे धावलो. तेवढ्यात पूल खाकरला. घरातलं वडीलधारं माणूस नको त्या वेळी खाकरतं, तसा. सगळे जागीच थिजले, मग हळूहळू मागे सरकले. फ्रिजला मात्र वळता येईना. गाडी तिथेच सोडून त्या गृहस्थांनी आणि मी तो उचलला. खिशात फोन वाजत होता. माझे दोन्ही हात फ्रिजखाली होते.

करार एकमताने मंजूर झाला. इंजिनीअरांना बोलावलं होतं, ते आले नाहीत, अशी नोंद झाली.

ताई वळशाने परत आली तेव्हा चपला तिच्या हातात होत्या. माझ्याशेजारी बसली.

"पडला का?"

"नाही. कोणाला जाऊच दिलं नाही."

ती पुलाकडे बघत राहिली. "पडायला काय झालं होतं मेल्याला."

मला हसू आलं नाही. दुपारपासून मीही त्याच्याकडे तसाच बघत होतो. रिकामा आहे तोवर पड, एकदाच पड. पूल तपासणाऱ्याने असं बघू नये.

संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. त्याने पुलाचा फोटो काढला.

"उभा आहे की. बंद कोणी केला?"

"मी."

"तुमचा आता संबंध नाही," असं म्हणून त्याने दोरी सोडली आणि तो निघून गेला. कामावरून सुटलेले लोक पुढे सरले. फ्रिजवाल्या गृहस्थांनी मात्र कुठून तरी दुसरी गाडी आणली आणि फाटकाचा रस्ता धरला.

"एका वेळी किती चालतील?" ताईने विचारलं.

"पाच. दुप्पटांना विचारलंस तर अडीच."

ती उठून पुलाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली, मी तिच्या बाजूला. पलीकडे दुप्पट दोन्ही हात वर करून उभेच होते. पाच गेले की आम्ही थांबायचो आणि खाकरणं ऐकायचो. आमचा संबंध नव्हता. जन्मभर पाठीमागे "पुढे सरका" ऐकत आलेली माझी ताई अंधार पडेपर्यंत बसलेल्या आवाजात सांगत होती, "मागे थांबा. पाय आपटू नका. मागे थांबा."