जर-तर

"आलं का गं?"

ओयारकाका जिन्यात उभे. पेट्या खालीच भिंतीवर आहेत, पण हा माणूस पेटीत पत्र पडू देईल तर शपथ! ट्राम कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. रीगाच्या या गल्लीत मी बावीस वर्षं टपाल वाटते, त्यांना बिलांखेरीज येतं ते एकच: लियेपायाहून एल्मारचं कार्ड. कार्डावर बुद्धिबळाची एक चाल. चौदा वर्षं डावामागून डाव, आणि दोघांनी एकमेकांना एकदाही पाहिलेलं नाही.

काळी मोहरी मिळाली की काकांचा एकच हट्ट, लाटवियन गँबिट नावाची सुरुवात. पांढऱ्याचा घोडा प्याद्यावर चालून आला की ते प्यादं राखायचं सोडून उंटापुढचं प्यादं दोन घरं ढकलायचं. राजा उघडा!

"नाव आपल्या देशाचं, खेळतो मात्र हा एकटा वेडा," बागेत पट मांडून बसणारे म्हातारे हसायचे.

काका चिडायचे. "तुमच्यासारखं दार लावून बसायचं का मी?"

पत्रांतल्या डावात खर्च वाचवायला सगळे जर-तर लिहितात: तू असं केलंस तर मी तसं, पुढं हे, मग ते. काका कधीच नाही. एका कार्डावर एकच चाल.

"चार चाली एकदम लिहिल्या, की तीन कार्डं बुडाली. कळतंय का?"

कळत होतं हो. न कळायला काय झालं!

या मार्चमध्ये आलेलं कार्ड कडेपर्यंत बारीक अक्षरांनी भरलेलं. चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचलं.

'ओयार, उद्या इस्पितळात जातोय. परत येईनसं वाटत नाही. तू हत्तीनं शह दे, माझा राजा कोपऱ्यात. मग वजिराचा शह, मी प्यादं मध्ये घालीन. मग घोड्यानं मात. चौदा वर्षं तुझा हा गाढव गँबिट हाणून पाडला, लेका, शेवटी लागू पडला. अभिनंदन.'

"जिंकलात की काका!" मी म्हटलं. जीभ हासडून घ्यावीशी वाटली.

काका पायरीवर बसले. "त्यानं जर-तर लिहिलं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात काकांचं कार्ड. हत्ती, शह. बाकी कोरं.

"अहो, पुढचं त्यानंच सांगितलंय ना?"

"मी एकच चाल लिहितो."

अकराव्या दिवशी ते कार्ड परत आलं. वर शिक्का: 'मालक मयत'. ते दडवून ठेवावं असं फार वाटलं. पण टपाल अडवणं मला कधी जमलं नाही. दिलं.

काकांनी ते दोन्ही हातांत घेतलं. मग मला घरात बोलावलं. खिडकीपाशी पट मांडलेला होता. त्यांनी एल्मारचा पांढरा राजा उचलून कोपऱ्यात ठेवला. खुर्चीवर बसून नवं कार्ड लिहिलं: वजीर, शह. पत्ता तोच.

"काका, हेही परत येईल हो."

"येऊ दे की," ते म्हणाले. "काहीतरी येईल तरी."

त्यांनी तिकीट सरळ लावलं, अंगठ्यानं दाबलं आणि कार्ड माझ्या पिशवीत टाकलं. अजून एक चाल उरली होती.