धुरपताबाईचा आराम

मी पलंग बोलतोय. देवरीच्या जंगलातलं सागवान, गोंदियाच्या सुताराचा हात, चारही पायांवर कोरलेले मोर. माझ्यावर बसणाऱ्याला आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटू लागतं. दोष माझा नाही, मोरांचा आहे.

देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा कामठ्याच्या केवलरामनं मला बैलगाडीत घालून घरी आणलं. धानाच्या व्यापारात त्याचं नुकतंच बस्तान बसलं होतं. गोंदियाच्या एका शेटजींची आई पलंगावर पहुडलेली त्यानं पाहिली होती. पाय चेपायला बाई, उशाशी पानदान. आणि आपली आई? साठी ओलांडलेली धुरपताबाई अजून मुसळानं धान कांडायची, विहिरीचं पाणी ओढायची, रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून धान रोवायची. केवलरामला घाम फुटला. आईच्या कष्टांमुळे नव्हे. लोक काय म्हणतील म्हणून.

"देश आझाद झाला माय," तो म्हणाला, "आता तूही कामातून आझाद. बस याच्यावर."

"बसून का करू?"

"काहीच नाही करायचं. आराम!"

पोराचं मन मोडवेना म्हणून ती बसली. मुसळ कोठीत गेलं, घागर सुनेच्या, शामकलेच्या डोक्यावर गेली.

सुरुवातीला शेजारच्या बाया मला बघायला यायच्या आणि धुरपताबाईच्या नशिबाचा हेवा करून जायच्या. मग तिचे गुडघे धरले. पायांवर सूज आली. भूक मेली. दिवसभर डुलक्या, त्यामुळे रात्री डोळ्याला डोळा लागेना. केवलरामला वाटलं, आराम कमी पडतोय. त्यानं गादी जाड केली.

तरी सूज उतरेना, तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मोर पाहिले. "वय झालं. पूर्ण विश्रांती," म्हणाले आणि लाल औषधाची बाटली ठेवून गेले. एकदा म्हातारी आपणहून अंगणात जायला उठली आणि उंबऱ्याशीच कोसळली. मग शामकलेला हुकूम सुटला : मायनं पाय खाली टेकवायचा नाही.

आता नातेवाईक शेवटचं भेटायला येऊ लागले. माझ्याच काठावर बसून चहा प्यायचे आणि तिच्यादेखत म्हणायचे, "भाग्याची बाई. सुखात चालली." ते गेल्यावर धुरपताबाई तोंडात पदर कोंबायची. नवारीतून मला तिचे हुंदके कळायचे. इतर कोणाला कळले नाहीत. सगळे तिची सेवा करण्यात गुंतले होते.

त्या पावसाळ्यात रोवणी सुरू झाली आणि रुख्मा आली. दोघींनी उभी उमर एका रांगेत रोवणी केलेली. चिखलाच्या पायांनीच ती आत शिरली.

"काऊन वं धुरपते, मरून राहिली म्हणते?"

"लोक म्हणून राहिले."

"अन् तू?"

"मले कोणी विचारलंच नाही."

रुख्मानं पांघरूण फेकलं, सुजलेले पाय दाबून पाहिले. "मेले नाहीत, निजले आहेत. ऊठ."

शामकला घाबरली. "मावशी, हे रागावतील ना!"

"तो गोंदियाले गेला. येथं रागावाले कोण आहे?"

माझा मोर धरून धुरपताबाई उभी राहिली. थरथरली, शिव्या दिल्या, बसली. पुन्हा उठली. पुढे केवलराम घराबाहेर पडला की रुख्मा हजर. आधी दार, मग अंगण, मग विहीर. दारात उभी राहून शामकला नवऱ्याच्या वाटेवर नजर ठेवायची. सासूवर पहारा ठेवणारी ती आता नवऱ्यावर पहारा ठेवू लागली. म्हातारी भात मागून घेऊ लागली. केवलराम खूश : "पाहा, औषध लागू पडलं!" औषध रोज मोरीत जात होतं.

रोवणी संपत आली होती. एके दुपारी धुरपताबाईचा भाऊ उदाराम बायकापोरांसह शेवटच्या भेटीला आला. गोंदियाहून अवचित परतलेला केवलराम त्यांना घेऊन आत आला, तो मी रिकामा. उदारामनं हंबरडा फोडला. बायकांनी सूर धरला. केवलराम माझ्यावर डोकं आपटून रडू लागला. शामकला काही सांगू पाहत होती, पण ऐकणार कोण?

तेवढ्यात दारात धुरपताबाई उभी. लुगडं खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत धानाचं पातं.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

सूर तुटला. केवलरामनं डोळे पुसले आणि पहिली काळजी बोलून दाखवली, "माय, तू बांधीत रोवायला गेली? लोक काय म्हणतील!"

"लोकायलेच निजव या पलंगावर. मले भूक लागली."

ती चुलीपाशी बसून पोटभर जेवली. मग चिखलाच्या पायांनीच माझ्यावर आडवी झाली आणि घोरू लागली. पाहुणे भोवती उभे. आणलेल्या आसवांचं काय करावं, कोणाला सुचेना.

आता ती रोज कामं आटोपून दुपारी येते. माझे मोर चिखलानं माखलेत, एकाची चोचही गेलीय. मला खंत नाही. केवलरामसारखे पुत्र गावोगाव आहेत, म्हणून सांगतो. दमलेल्या बाईला माझ्यावर खुशाल टाका, जन्मभर तोलीन. पण चालत्या बाईला आणून निजवू नका. पलंगाची तिरडी व्हायला सुतार लागत नाही.